राखलेलं रान: चाळकेवाडीपासून सागरेश्वरापर्यंत

सांगलीत राहणाऱ्या माणसाच्या डोक्यात नदी बारा महिने असते. उन्हाळ्यात पाणी कधी सोडणार म्हणून, पावसाळ्यात आयर्विन पुलाखालची पातळी किती झाली म्हणून. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आमच्या गल्लीतल्या भिंतींवर अजून खुणा ठेवून आहेत. हे पाणी जिथून येतं त्या सह्याद्रीच्या माथ्यावर रान शिल्लक आहे म्हणून निदान एवढं तरी जमून आहे, असं मी वर्षानुवर्षं ऐकत आले. पण ते रान शिल्लक कशामुळे राहिलं? कोणी राखलं, कोणत्या कायद्याच्या जोरावर, आणि त्यासाठी कोणाला उठावं लागलं? गेल्या डिसेंबरात धाकटा भाऊ आणि भाची यांच्याबरोबर सातारा आणि सांगली जिल्ह्यांत फिरले ते हे बघण्यासाठी. भाची पुण्यात कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे वाटेत कलमं समजावून सांगायला घरचंच माणूस होतं.

पहिला दिवस: चाळकेवाडी आणि कास

साताऱ्यात पोहे, चहा आणि परतीपर्यंत पुरतील एवढे कंदी पेढे घेऊन सज्जनगडाच्या रस्त्याला लागलो. ठोसेघरचा धबधबा डिसेंबरात बारीक झालेला असतो, तिथे फार थांबलो नाही. पुढे चाळकेवाडीच्या पठारावर गाडी चढली आणि समोर पवनचक्क्याच पवनचक्क्या. वारा असा की दार उघडलं तर हातातून सुटत होतं.

आपल्याकडे अशा पठाराला सडा म्हणतात. वर जांभ्याचा कातळ, त्यावर कुठे दोन बोटं तर कुठे चार बोटं माती. एवढ्याशा मातीत पावसाळ्याच्या चार महिन्यांत शेकडो जातींच्या वनस्पती उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि नाहीशा होतात. पवनचक्कीच्या प्रत्येक खांबापर्यंत क्रेन जाईल असा रस्ता लागतो, पायासाठी कातळ फोडावा लागतो. आम्ही एका खांबापाशी उतरलो. रस्त्याच्या कडेला फोडलेल्या जांभ्याचे ढीग पडले होते, लालभडक. त्या ढिगांवर इतक्या वर्षांत साधं शेवाळही धड धरलेलं नव्हतं. पलीकडे पाच पावलांवर न फोडलेला कातळ मात्र वाळलेल्या गवताने आणि करड्या दगडफुलाने भरलेला होता.

गुरं घेऊन आलेले एक बाबा भेटले. भावाने तंबाखूचं विचारलं, मग बोलणं सुरू झालं. "जमीन आमचीच व्हती. सडा म्हंजी काय, पिकत न्हाय, इकून टाकली. तवा कोन सांगनार, ह्या खडकाची पन किंमत असतीया म्हनून?" त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मलाही त्यांच्याकडून तक्रार नको होती. वीज सगळ्यांनाच हवी, वाऱ्याची वीज कोळशापेक्षा बरीच. पण कोणत्या सड्यावर खांब चालतील आणि कोणता सडा हात न लावता ठेवायचा, हे खरेदीखत होण्याआधी ठरायला हवं. इथे ते ठरलं नव्हतं.

परत खाली उतरून यवतेश्वरच्या घाटाने कासला गेलो. डिसेंबरात कासला कोणी जात नाही आणि मला नेमकं तेव्हाच जायचं होतं. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत इथे तेरडा, गेंद, सीतेची आसवं, कवला, सोनकी यांचे गालिचे असतात आणि दिवसाकाठी हजारो माणसं. आत्ता पठार गव्हाळ रंगाचं, मोकळं, थंड. सप्टेंबरात ज्या डबक्यांत वायतुरा फुलतो ती डबकी सुकून तळाला भेगा पडलेल्या. वायतुऱ्याचं शास्त्रीय नावच साताऱ्यावरून पडलं आहे, अपोनोजेटोन सातारेन्सिस. १९८२ मध्ये त्याची शास्त्रात नोंद झाली. पाण्याबाहेर इंग्रजी वाय अक्षरासारखा दुहेरी तुरा काढणारं हे फूल सह्याद्रीच्या मोजक्या सड्यांशिवाय जगात कुठे नाही. भाची डबक्याच्या काठावर उकिडवी बसून भेगांकडे बघत होती. त्या वाळक्या चिखलाखाली त्याचे कंद पुढच्या पावसाची वाट बघत पडलेले असतात. एखादी गाडी त्या डबक्यातून गेली तर कंद चिरडले जातात, आणि वरून बघणाऱ्याला काही बिघडल्याचं दिसतसुद्धा नाही.

राखणीला असलेल्या एका ताईंशी बोललो. वनविभागाबरोबर आसपासच्या गावांच्या समित्या हंगामात पठाराची व्यवस्था बघतात, त्यातून गावच्या पोरापोरींना काम मिळतं. "लोकं म्हणतात युनेस्कोनं वाचवलं," ताई म्हणाल्या, "पण युनेस्कोचा माणूस काय रात्री राखणीला येतो व्हय?"

हे मला फार पटलं. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा मिळाला. त्यात महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. ती पाटी अभिमानाची आहे, पण पाटी म्हणजे कायदा नव्हे. कास वाचलं कारण ते राखीव वन आहे, १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखालचं. राखीव वनाची जमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानुसार केंद्र सरकारची मंजुरी लागते. चाळकेवाडीच्या ज्या सड्याची खरेदीखतं झाली त्याला असं कवच नव्हतं. कातळ तोच, पाऊस तोच, माती तेवढीच. फरक सातबाऱ्यावरच्या नोंदीचा.

कासला हंगामात जाणार असाल तर ऑनलाइन नोंदणी आधी करा, दिवसाची संख्या ठरलेली असते. शनिवार-रविवार टाळा. पायवाट सोडून फोटोसाठी आत शिरू नका. खाली काय झोपलंय ते दिसत नाही. पाणी आणि टोपी बरोबर ठेवा, सड्यावर सावली नसते.

मुक्काम बामणोलीला. रात्री नाचणीची भाकरी, पावट्याची आमटी आणि खर्डा. खर्डा इतका झणझणीत की भाचीने दोन वाट्या ताक संपवलं. घरच्या वहिनींनी चुलीपुढे पाट मांडून बसवलं होतं आणि भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती.

दुसरा दिवस: वासोटा

सकाळी शिवसागरावर, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयावर, धुकं होतं. पलीकडच्या रानातल्या वासोटा किल्ल्यावर जायचं होतं. बामणोलीच्या वनविभागाच्या कार्यालयात नावं, वय, ओळखपत्र, माणसागणिक शुल्क आणि परवाना. भाचीने तो कागद दोनदा वाचला. "मावशी, हे अठ्ठाविसावं कलम आहे बघ." १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात अभयारण्यात कोणी जावं हे सत्ताविसाव्या कलमात आहे. बाकीच्यांना अठ्ठाविसाव्या कलमाखाली परवाना घेऊनच, तोही ठरावीक कारणांसाठी: अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन, आत राहणाऱ्यांशी रीतसर व्यवहार. गडावर जायला परवाना कशाला, म्हणून रांगेत कुरकुरणारे असतात. मला तो कागद हातात घेताना चांगलं वाटलं. सगळ्यांच्या मालकीच्या रानात आपण पाहुणे आहोत, हे त्यात लिहिलेलं आहे.

बोटीत तासाभराहून जास्त वेळ जातो. बोटवाले काका डाव्या-उजव्या काठाच्या सोंडा दाखवत बुडालेल्या गावांची नावं सांगत होते. कोयना धरण झालं तेव्हा खोऱ्यातली गावं पाण्यात गेली, माणसं लांब लांब विखुरली. नंतर १९८५ मध्ये या काठचं रान कोयना अभयारण्य म्हणून जाहीर झालं, सुमारे ४२४ चौरस किलोमीटर. एकाच खोऱ्याने धरणासाठीही दिलं आणि वन्यजीवांसाठीही.

तेवढ्या वेळात भाचीने १९७२ च्या कायद्याची जन्मकथा सांगितली. मला ती ठाऊक नव्हती. त्या वेळी वन्यप्राणी हा विषय राज्यांच्या सूचीत होता. संसदेला त्यावर आपणहून कायदा करता येत नव्हता. मग अकरा राज्यांनी आपापल्या विधिमंडळात ठराव केले, की हा कायदा संसदेने करावा. राज्यघटनेच्या २५२ व्या अनुच्छेदात तशी सोय आहे. चार वर्षांनी, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वनं आणि वन्यजीव समवर्ती सूचीत आले. त्याच दुरुस्तीने ४८ क अनुच्छेद घातला, की राज्यसंस्थेने वनं आणि वन्यजीव राखावेत, आणि ते राखणं नागरिकाचंही मूलभूत कर्तव्य ठरवलं. रानाला जिल्ह्याची, राज्याची शीव कळत नाही, हे त्या पिढीने ओळखलं आणि आपल्या हातातला अधिकार आपणहून वर दिला. आज असे ठराव अकरा विधिमंडळांत होतील का, याचा विचार मी बराच वेळ करत होते.

मेट इंदवलीला बोट लागली. एके काळी इथे वस्ती होती. आता वनविभागाची चौकी. तिथे पिशव्या उघडून प्लास्टिक मोजतात. बाटल्या, बिस्किटाचे पुडे, चॉकलेटचे कागदसुद्धा. आकडा लिहितात, अनामत ठेवून घेतात आणि परत येताना तेवढेच नग दाखवावे लागतात. आमच्या पुढच्या गटातल्या मुलाचा एक पुडा परतीला कमी भरला, तर तो पोरगा पाऊण चढ परत चढून घेऊन आला. चौकीवरच्या वनरक्षकाने त्याला पाणी दिलं आणि पाठ थोपटली. गडावर कचऱ्याचा कपटा दिसला नाही तो यामुळे.

चढ सुरुवातीला ओढ्याकाठच्या मारुतीपासून सुरू होतो आणि मग दाट झाडी. भर दुपारी अंधारं वाटावं अशी. अंजनी, जांभूळ, हिरडा, उंबर, वेलींचे मांडीएवढे जाड पीळ. पायाखाली गव्याच्या खुरांचे ताजे ठसे, चिखलात बोटभर खोल गेलेले. एका वळणावर शेकरू दिसलं, तांबूस अंगाचं, शेपटी लांबसडक. फांदीवर पोट टेकवून ते आमच्याकडे बघत राहिलं आणि आम्ही त्याच्याकडे. भावाने फोन खिशातून काढलाच नाही, याचं मला बरं वाटलं.

झाडी संपल्यावर उभा चढ, मग दरवाजा, छप्पर नसलेला मारुती, महादेवाचं देऊळ, वाड्याचे चौथरे. बाबूकड्याच्या टोकाला पोचलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं, पण वारा गार. एका बाजूला शिवसागराचं पाणी, दुसऱ्या बाजूला खाली कोकण. मधल्या साऱ्या डोंगरांवर रानच रान. इतका रिकामा प्रदेश पुण्या-मुंबईपासून काही तासांवर आहे. दरवर्षी कोणी तरी इथे रोपवेची किंवा रस्त्याची गोष्ट काढेल, असं मला वाटतं. तेव्हा अडवायला पहिल्यांदा उभा राहील तो कायदा: अभयारण्याची हद्द बदलायची तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या शिफारशीशिवाय राज्य सरकारला बदलता येत नाही. ही अट २००२ च्या दुरुस्तीने आली.

वासोट्याला जाताना ओळखपत्राची प्रत ठेवा, सकाळची पहिली बोट धरा. गडावर मुक्कामाला बंदी आहे आणि संध्याकाळच्या आत खाली यावंच लागतं. बोट अख्खी ठरवावी लागते, त्यामुळे आठ-दहा जणांचा गट असेल तर खर्च वाटला जातो. पावसाळ्यात वाट बंद असते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बोट लांब लागते, चालणं वाढतं. खाणं-पाणी घरून, वर काही मिळत नाही, आणि मिळत नाही तेच बरं.

तिसरा दिवस: कऱ्हाड, एक वसाहत आणि शिराळा

प्रवासाचाच दिवस. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर थोडं थांबलो, कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन मिळतात ते बघितलं आणि पुढे निघालो.

वारणेच्या बाजूला वाटेत एका पुनर्वसन वसाहतीत भावाच्या ओळखीचं घर होतं. चांदोलीच्या आतल्या एका गावातून उठून आलेली ही माणसं. रस्ते आखीव, घरं एका रांगेत, दारात तुळस. घरातल्या आजी ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी शेजारी बसून सोलायला लागले तेव्हा त्या बोलत्या झाल्या.

"आमचं गाव लई वर, पोरी. पाऊस म्हंजी चार-चार म्हैनं सूर्य दिसायचा न्हाय. हिरडं गोळा करायचो, मध काढायचो, नाचणी-वरी पिकवायचो. रस्ता न्हवता, दवाखाना न्हवता. अडलेली बाई डोलीतनं खाली आणायची." मग शेंग हातात तशीच धरून म्हणाल्या, "पर हितं आलो तवा जमीन कागदावर मिळाली आन् पाणी यायला वरसं लागली. देव तितंच ऱ्हायला."

वाघासाठी उठवलं याचा राग येतो का, असं भाचीने विचारलं. आजींनी तिच्याकडे जरा बघितलं. "वाघाचा कशाला राग? त्यो आमच्या आदीपास्नं हाय तितं. ज्येनी शबूद दिला आन् पाळाया येळ लावला, त्येंचा राग."

रान राखणारा कायदा मला प्रिय आहे आणि म्हणूनच हे लिहिते. राष्ट्रीय उद्यान जाहीर करायचं तर आतले सगळे हक्क आधी संपवावे लागतात. अभयारण्यात काही हक्क चालू ठेवता येतात, राष्ट्रीय उद्यानात नाहीत, चराईसुद्धा नाही. म्हणजे नकाशावरची ती हिरवी रेघ या ओट्यावरच्या बाईच्या अंगणातून गेलेली असते. २००६ साली दोन गोष्टी झाल्या. वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन व्याघ्र प्रकल्पांना कायद्याचा आधार मिळाला, आणि वनहक्क कायदा आला. तेव्हापासून अशा रानातून माणसं हलवायची तर ग्रामसभेची समजून-उमजून दिलेली संमती लागते आणि पुनर्वसन आधी पुरं व्हावं लागतं. चांदोलीतली बरीच गावं त्याआधीच उठली होती. त्यांना ते कलम मिळालं नाही. त्यांची राहिलेली देणी चुकवणं हा वन्यजीव संरक्षणाचाच भाग आहे, दयेचा नाही. ज्या वसाहतीत पाणी वेळेवर येतं त्या वसाहतीतली पोरं रानाची वैरी होत नाहीत.

आजींनी निघताना ओंजळभर सोललेला पावटा बांधून दिला. नको म्हणायची सोय नव्हती.

संध्याकाळी बत्तीस शिराळ्यात अंबामातेचं दर्शन घेतलं. नागपंचमीचं शिराळा सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. इथे जिवंत नाग पकडून पूजायची परंपरा होती. नागाला १९७२ च्या कायद्याचं संरक्षण, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि जिवंत नागांची पूजा थांबली. त्यानंतर मातीच्या आणि धातूच्या नागाची पूजा होते. २०२५ च्या नागपंचमीआधी केंद्राने शैक्षणिक कारणासाठी एकवीस नाग पकडायला परवानगी दिली. चहाच्या गाडीवर हा विषय निघाला आणि पाच मिनिटांत सात-आठ जण जमले. एक तरुण म्हणाला, "ताई, आमच्या आज्ज्यानं नागाला कधी मारलं न्हाय. गावात नाग निघाला तर अजून आमीच धरून रानात सोडतो." दुसरा म्हणाला, "पर आदी बाहेरनं लोकं याची, खेळ करायची, नागाचं हाल व्हायचं. ते थांबलं ते बेस झालं." दोघंही खरं बोलत होते. दिल्लीत केलेल्या कायद्याबद्दल इतक्या बारकाईने बोलणारा चहाचा गाडा मी दुसरीकडे बघितलेला नाही.

चौथा दिवस: चांदोली

पहाटे निघून मणदूरच्या बाजूने आत गेलो. आत जायला वनविभागाची परवानगी, ठरलेली गाडी आणि बरोबर वाटाड्या लागतो. आमचा वाटाड्या पंचविशीतला, जवळच्याच गावचा. वसंतसागर जलाशयावर वाफ तरंगत होती आणि पलीकडच्या काठावर काळे ठिपके. दुर्बिणीतून बघितलं तर गवे, पिल्लांसकट, पाण्यावर आलेले.

चांदोली आधी १९८५ मध्ये अभयारण्य झालं, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान. क्षेत्र सुमारे ३१८ चौरस किलोमीटर. जानेवारी २०१० मध्ये कोयना आणि चांदोली जोडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा आणि भोवतालचा बफर मिळून सुमारे ११६५ चौरस किलोमीटर. मेळघाट, ताडोबा आणि पेंचनंतर राज्यातला चौथा. पण तेव्हा इथे वाघ नावापुरता होता. तरीही हद्द आखून ठेवली. कोणी म्हटलं असेल, वाघ नाही तर व्याघ्र प्रकल्प कशाला? वाटाड्याने उत्तर सोपं करून सांगितलं: "घर मोकळं आन् नीट ठेवलं तर माणूस परत येतो. हे त्याचंच घर हाय." अलीकडच्या वर्षांत नर वाघ आपल्या पायांनी आले, कॅमेऱ्यात दिसले. ताडोबा आणि पेंचमधून आठ वाघ आणायला केंद्राने मंजुरी दिली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याची एक वाघीण इथे आणली. तिला 'तारा' म्हणतात. गाडीत बसल्यापासून वाटाड्या तिच्याबद्दल असा बोलत होता, जणू माहेरवाशीण आली आहे.

आम्हाला वाघ दिसला नाही. भेकराचं भुंकणं ऐकलं, सांबराची मादी दिसली, आणि शीळकरी कस्तुराची शीळ ओढ्यापाशी इतकी माणसासारखी आली की भावाने मागे वळून बघितलं.

झोळंबीच्या सड्यावर गाडीतून उतरलो. पुन्हा तोच जांभा, तीच चार बोटं माती, तेच पिवळं गवत. पहिल्या दिवशी चाळकेवाडीला बघितला तसाच सडा, फक्त न फोडलेला. मी वाकून कातळावर हात ठेवला. उन्हाने वरून कोमट, पण खाचेत बोट घातलं तर ओल. डिसेंबरातसुद्धा. खाली ओढ्याला पाणी वाहत होतं. हा सडा पाऊस पितो आणि महिनोनमहिने सोडत राहतो. पाथरपुंजचं नाव पावसाच्या आकड्यांत हल्ली वरच्या ओळीत असतं, तेही इथलंच रान. ते पाणी वारणेत येतं आणि वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. सांगलीत या कायद्याबद्दल बोलणारी माणसं फार थोडी आहेत. ती सगळ्यात जास्त असायला हवीत.

परतीच्या वाटेवर एका उठलेल्या गावाची जागा लागली. वाटाड्याने दाखवली नसती तर कळलं नसतं. जोती मातीत बसलेली, त्यांच्यावर झाडं वाढलेली. आंब्याची मोठमोठी झाडं मात्र एका ओळीत, माणसाने लावल्याची खूण. एका जोत्याच्या कोपऱ्यात जात्याची खालची तळी अर्धी गाडली गेली होती. भोवती पाचोळा, आणि मधल्या खुंट्याच्या भोकात पावसाचं राहिलेलं पाणी. जवळच गव्याचं शेण. मी आजींचा विचार करत होते. हे गाव त्यांचं असेल किंवा नसेलही.

चांदोलीला ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनपर्यंत जाता येतं. सकाळची फेरी घ्या. गडद नाही, मळकट रंगाचे कपडे घाला, गाडीत गाणी लावू नका, आत फोनला रेंज नसते म्हणून घरी आधी सांगून ठेवा. स्थानिक वाटाड्याला पैसे देताना घासाघीस करू नये, हे माझं कळकळीचं सांगणं. रान राखण्यात त्या पोराचं पोट जोडलेलं राहणं फार महत्त्वाचं आहे.

पाचवा दिवस: सागरेश्वर

घरी जाण्याआधी सागरेश्वर. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, आणि त्याला लागून हे चिमुकलं अभयारण्य, जेमतेम ११ चौरस किलोमीटर. चांदोलीच्या मानाने एवढासा तुकडा. पण इथली गोष्ट उलटी आहे. चांदोलीत असलेलं रान राखलं, इथे उघड्या टेकड्यांवर रान उभं केलं. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन झाडं लावली, जगवली, हरणं आणून सोडली आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. पाऊस कमी, माती मुरमाड. तरी टेकडीवर चढताना सावली मिळते. देवळांच्या समूहापाशी थंडगार कुंड आहे, तिथे बसून शेवटचे कंदी पेढे संपवले. माथ्यावरून एका बाजूला कृष्णाकाठचा ऊस नजर पोचेल तिथवर.

खाली कुंपणालगतच्या एका शेतकऱ्याशी गाठ पडली. हरभरा चांगला आला होता, पण बांधाकडचा एक पट्टा खाल्लेला. "कुंपणाला भगदाड पडलं की चितळं येत्यात. भरपाई मिळती, पर कागदं करता करता पुढचं पीक निघतंय." मी त्यांना चांदोलीबद्दल सांगितलं, की तिथे वाघाला भक्ष्य लागणार आहे. "मग न्या की आमची थोडी," ते लगेच म्हणाले. चितळं इथून चांदोलीत हलवण्याचं काम वनविभागाने हाती घेतलं आहे, हे त्यांच्याही कानावर होतं.

भाचीने तिथेच बांधावर बसून पश्चिम घाटाच्या मसुद्याचा विषय काढला, कारण त्यांनी विचारलं, "ते इको-शेन्शिटिव्ह म्हंजी काय वो? आमच्या पाव्हण्यांच्या गावाला लागणार म्हणत्यात. घर बांदायला बंदी का?" त्यांचे पाहुणे पाटण तालुक्यातले. पश्चिम घाट कसा राखावा हे सांगायला केंद्राने नेमलेल्या गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. २०१४ पासून केंद्राने पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचे सहा मसुदे काढले. शेवटचा ३१ जुलै २०२४ चा, वायनाडच्या दरडीच्या दुसऱ्या दिवशी. त्यात सहा राज्यांतलं सुमारे ५६,८०० चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यापैकी महाराष्ट्रातलं १७,३४०. आम्ही फिरत होतो तोवर एकही मसुदा अंतिम झालेला नव्हता. भाचीने त्यांना सावकाश सांगितलं: खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, नवी औष्णिक वीजकेंद्रं, जास्त प्रदूषण करणारे कारखाने यांना बंदी, वीस हजार चौरस मीटरपेक्षा मोठी बांधकामं आणि पन्नास हेक्टरांच्या वरच्या नगरवसाहतींना बंदी. शेतकऱ्याच्या घराला, गोठ्याला, शेतीला नाही.

"येवढंच?" ते म्हणाले. "मग हे कुणी सांगितलं का न्हाय आमाला?"

त्यांनी भाचीकडून सगळे मुद्दे पुन्हा एकदा सांगून घेतले आणि फोन लावून पाटणच्या पाहुण्यांना ऐकवायला सांगितलं. फोन स्पीकरवर, भाची बांधावर उभी राहून बोलतेय, पलीकडून प्रश्नावर प्रश्न: गुरांचा गोठा वाढवला तर? विहीर पाडली तर? पोराला हॉटेल काढायचंय, दहा खोल्यांचं, तर? ती एकेकाचं उत्तर देत होती, आणि एकाचं नक्की ठाऊक नव्हतं तेव्हा तसं म्हणाली आणि वाचून परवा कळवते असा शब्द दिला. तो तिने पाळला. त्या गावच्या ग्रामसभेत मसुदा मराठीत वाचून दाखवायला तिला आता बोलावणं आलं आहे, आणि मामा गाडी घेऊन तयार आहे.